शेवटच्या पानावरचं नाव

“एनसी घेतो, वकीलसाहेब. सही करा आन् चहा घ्या,” ठाणेदार म्हणाले.

मी चहाचा कप टेबलाच्या कडेला सरकवला. मधोमध आमच्या जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचा ताजा अंक पडला होता. पहिल्या पानावर रज्जाकभाईंचा फोटो. आणि खुद्द रज्जाकभाई माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेले.

“एनसी कशी? हे वाचलंत का तुम्ही?”

“वाचलं की. पेपरवाले लिहितच असत्यात.”

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा. पोलीस एका वहीत नोंद करतात, तुमच्या हातात चिठ्ठी देतात आणि कोर्टात जा म्हणतात. तपास नाही, काही नाही. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या तर ती एनसी. एका समाजावर सरसकट खोटा आरोप छापून त्यांना बाजारातून हाकला असं लिहिणं ही एनसी नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम एकशे शहाण्णव, दोन समाजांत द्वेष पसरवणं. जुने लोक त्याला एकशे त्रेपन्न-अ म्हणून ओळखतात. तीन वर्षांपर्यंत कैद. दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायचाच. हे मी ठाणेदारांना सांगितलं. आवाज जरा चढला होता, हे कबूल.

“ओरडू नका,” ठाणेदार म्हणाले. “मंग प्राथमिक चौकशी लावतो. कायद्यानं चौदा दिवस हायत मला.”

“चौदा दिवसांत यात्रा होऊन जाईल, साहेब.”

सगळा प्रश्न यात्रेचाच होता. रज्जाकभाई जळकोटचे. रेवड्या करतात. वडील करायचे, आजोबा करायचे. साखरेचा पाक खुंटीला टांगून दोरीसारखा ओढायचा, तिळात घोळवायचा. परंड्याकडच्या एका मोठ्या यात्रेत त्यांचं दुकान देवळाच्या वाटेवर लागतं. गावाचं नाव मी सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. अंकात छापलं होतं की यात्रेतले मुसलमान दुकानदार खाण्याच्या जिनसांत घाण मिसळतात, हा त्यांचा कट आहे, भाविकांनी त्यांना या वर्षी यात्रेत पायच ठेवू देऊ नये. पुरावा काही नाही. कुणाच्या तरी मोबाईलवर फिरलेला मजकूर उचललेला. आणि सोबत रज्जाकभाईंचा फोटो, चेहरा स्पष्ट दिसेल असा.

“फोटो ह्यांनीच काढला मागल्या वर्षी,” रज्जाकभाई हळू आवाजात म्हणाले. “यात्रेच्या पुरवणीसाठी. ‘यात्रेची गोडी’ म्हणून छापला. मी कातरून दुकानाला लावला होता. फोटो काढायला आले तवा दोन पुडे पण बांधून दिले होते.”

छोट्या साप्ताहिकांत हे असंच चालतं. कॉम्प्युटरवर ‘यात्रा’ नावाचं एक फोल्डर असतं. यात्रेची बातमी आली की त्यातला फोटो उचलायचा. गेल्या वर्षी ज्याला गोड म्हटलं, त्यालाच यंदा विषारी म्हटलं. फोटो तोच.

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी यात्रा कमिटीचा फोन आला होता. यंदा नका येऊ, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.

मी आमचा तक्रारअर्ज आणि तो अंक उचलला आणि तसाच डीवायएसपी मॅडमच्या ऑफिसात गेलो. प्राथमिक चौकशीला त्यांची परवानगी लागते. परवानगीच नाही मिळाली तर ठाणेदारांना एफआयआर घ्यावा लागेल, असा माझा हिशेब. मॅडमनी अंक पूर्ण वाचला. फोटोवर बोट ठेवलं.

“हा माणूस आत्ता कुठाय?”

“खाली जिन्यात बसलाय.”

“एकटा?”

“हो.”

त्यांनी फोन उचलला आणि ठाणेदारांना दोनच वाक्यं सुनावली. त्याच संध्याकाळी एफआयआर झाला.

आता मजा पुढं आहे. एफआयआरमध्ये आरोपीचं नाव लिहायचं होतं. ठाणेदारांनी अंक उलटा केला, शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली ओळ वाचली आणि पेन थांबवलं.

“संपादक, मुद्रक, प्रकाशक सौ. सुनंदा... ही कोण आता?”

प्रत्येक पेपरच्या तळाशी ही ओळ असते. वाचक ती कधी वाचत नाहीत. पोलीस आणि कोर्ट सगळ्यात आधी तीच वाचतात. छापलेल्या मजकुराला तिथं नाव असलेला माणूस जबाबदार, असं धरून चालतात. तो जबाबदार नाही हे मग ज्याचं त्यानं दाखवायचं. त्याच्या वरतीच आणखी एक ओळ असते, ‘प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’. पेपरवाल्यांना वाटतं ती ओळ म्हणजे चिलखत. फौजदारी गुन्ह्यात तिचा उपयोग शून्य.

हे साप्ताहिक प्रतापरावांचं आहे हे आख्ख्या धाराशिवला माहीत. सगळे त्यांना सर म्हणतात. अनुदानित कॉलेजात प्राध्यापक. सरकारी पगार, त्यामुळं स्वतःच्या नावावर पेपर काढायची सोय नाही. म्हणून नाव बायकोचं. आमच्याकडं अशी साप्ताहिकं पैशाला पासरी आहेत. लिहिणारा नवरा, जाहिराती आणणारा नवरा, पुढाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारा नवरा, आणि तळाच्या ओळीत बायको.

सरांची आणि माझी जुनी ओळख. मी बेंबळीचा. वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते, रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे. तेच शिक्षण माझं. कोर्टात लोक मला तडजोडवाला वकील म्हणतात, मला त्याचा राग नाही. हायवे रुंदीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा वाढीव मोबदला मी भांडून, बसून, उठून, पुन्हा बसून मिळवला. कार्यक्रम झाला, फोटो निघाला. पुढारी, शेतकरी आणि कडेला मी. सरांच्या पेपरात फोटो आला तेव्हा त्यात पुढारी होते, शेतकरी होते. मला कापलं होतं. तो अंक माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे.

एफआयआरची बातमी लागताच सर माझ्या ऑफिसात आले. रज्जाकभाई बाहेरच्या बाकावर होते, त्यांच्याकडं न बघता आत आले.

“वकीलसाहेब, तुम्ही तर तडजोडीचे बादशहा. एवढ्याशा गोष्टीला एफआयआर?”

“मागच्या वेळी तुमच्या फोटोत मी मावलो नव्हतो,” मी म्हणालो.

“कुठला फोटो?”

त्यांना आठवतही नव्हतं. कापण्यापेक्षा हे जास्त लागलं.

“बरं, सांगा काय पाहिजे. खुलासा छापतो. चौथ्या पानावर, चार ओळी. ‘अनवधानाने’ वगैरे.”

“पहिल्या पानावर. त्याच जागी. तोच फोटो, तेवढाच मोठा. खाली रज्जाकभाईंचं नाव. आणि शब्द ‘अनवधानाने’ नाही, ‘खोटं’.”

“तिसऱ्या पानावर घेऊ.”

“पहिल्या.”

“पहिल्या पानावर खाली, बिनफोटोचा.”

“फोटो तुम्हीच काढलाय, सर. जपून ठेवलाय कॉम्प्युटरवर. काय जातंय?”

मला रंग चढला होता. असा सौदा मला आवडतो. मग त्यांनी विचारलं, “आणि मग तुम्ही केस कधी मागं घेणार?”

इथंच गाडी अडली. काही गुन्हे तडजोडीचे असतात, म्हणजे फिर्यादी आणि आरोपी एकत्र येऊन कोर्टात मिटवू शकतात. एकशे शहाण्णव त्यात बसत नाही. हा गुन्हा एका रज्जाकभाईविरुद्ध नसतो, सगळ्या समाजाच्या शांततेविरुद्ध असतो. म्हणून रज्जाकभाईंनी माफ केलं तरी केस संपत नाही. वीस वर्षं मी तडजोडी करून पोट भरतोय आणि माझ्यासमोर पहिल्यांदा असा माल होता जो मला विकताच येत नव्हता. मी तसं स्पष्ट सांगितलं.

“मग मी खुलासा कशाला छापू?” सर उठले. “आणि मी तरी कोण? नाव बघा खाली. माझा काय संबंध? मी मास्तर माणूस.”

“म्हणजे केस वहिनींवर चालू देणार?”

“बायकामाणसाला काय करतंय कोर्ट. नोटीस येईल, जाऊन सही करून येईल.”

ते गेले. माझं डोकं तापलं होतं. मी रज्जाकभाईंना आत बोलावलं आणि म्हणालो, “आता बघा. बाईवर असा दाब आणतो की नवरा पळत येईल.”

रज्जाकभाईंनी मान हलवली. “त्या बाईनं माझं काय वाकडं केलंय, साहेब?”

“कायद्यानं तीच जबाबदार आहे.”

“कायद्याचं तुमी बघा. मला यात्रेत दुकान लावायचंय. यंदा न्हाय गेलो तर जागा जाती. जागेचं एक सोडा, पुढल्या वर्षी लोक म्हणतील, खरं असंल म्हणूनच आला न्हाय. तवा काय दाखवू मी? तुमचा एफआयआर?”

एफआयआर हातात, कलम भक्कम, आणि अशिलाला जे पाहिजे ते त्यात कुठंच नव्हतं.

सुनंदाताईंना पोलिसांची नोटीस गेली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा लगेच अटक करत नाहीत, चौकशीला हजर राहा म्हणून नोटीस देतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या बाई. डोक्यावरून पदर, हातात ती नोटीस.

मी उभाच राहिलो. “ताई, मी समोरच्यांचा वकील आहे. तुम्ही माझ्याशी केसचं बोलायचं नाही. तुमचा वकील करा.”

“करते की. केसचं न्हाय बोलायचं मला. तो अंक तेवढा द्या. घरात सगळे अंक हायत, तेवढा एकच सापडंना.”

“कशाला?”

“वाचायला. पोलीस विचारणार, तुमी काय लिव्हलं. मला सांगता तर आलं पायजे.”

मी अंक दिला. त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथं रज्जाकभाई बसलेले होते. मला आतून दोघं दिसत होती. बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. हळूहळू वाचल्या, बोट ओळीवरून फिरवत. मग फोटोवर थांबल्या. बाजूला बघितलं. पुन्हा फोटोकडं बघितलं.

“हे तुमीच का?”

“व्हय.”

“देवळाच्या वाटंवर, डाव्या हाताला?”

“व्हय, ताई.”

“तुमची रेवडी मी दरसाल नेते,” त्या म्हणाल्या. “देवापुढं ठेवलीय मी ती.”

मग दारात येऊन त्यांनी मला विचारलं, “केसचं न्हाय विचारत, साहेब. नुसतं विचारते. पेपरात काय छापायचं ते कोण ठरवतं?”

“संपादक.”

“दुसरं कुणी न्हाय?”

“कायद्यात तरी दुसरं कुणी नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. अंकाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. माझा एकुलता एक स्वच्छ अंक होता तो, पण मी मागितला नाही.

साप्ताहिक छापायच्या दिवशी मी कोर्टात होतो. छापखानेवाल्या नागनाथचा फोन आला. आमच्या शहरातली निम्मी साप्ताहिकं त्याच्याच मशीनवर निघतात.

“वकीलसाहेब, सुनंदाताई येऊन बसल्यात. पहिलं पान बदला म्हणत्यात. सर फोनवरून म्हणत्यात, हात लावलास तर बघ. कुणाचं ऐकू?”

“मला काय विचारतोस? मी फिर्यादीचा वकील आहे.”

“अवं पण काय छापायचं ते संपादकच ठरवतो, हे तुमीच त्यास्नी सांगितलंय ना.”

मी पुढची तारीख घेतली आणि स्कूटीला किक मारली. खोटं कशाला बोलू, असा उत्साह मला कधी हायकोर्टात जातानाही आला नव्हता.

छापखान्यात सुनंदाताई कागदाच्या रिमांवर बसल्या होत्या. हातात फुलस्केप, त्यावर हातानं लिहिलेला मजकूर. नागनाथ मशीनजवळ उभा. माझ्या मागोमाग सर आले, हेल्मेट तसंच डोक्यावर.

“सुनंदा, घरी चल.”

“अंक निघाल्यावर येते.”

“तुला यातलं काय कळतं?”

“काही न्हाय कळत. म्हणूनच तर नाव माझं लावलंत.”

“लोक हसतील आपल्याला.”

“पोलीस दारात आले तवा कॉलनी हसलीच की. तुमी कॉलेजात होता, तुमाला ऐकू गेलं न्हाय.”

सर नागनाथकडं वळले. “मशीन बंद ठेव. पेपर माझा आहे.”

नागनाथनं माझ्याकडं बघितलं. मी हाताची घडी घातली. “माझ्याकडं नको बघू. शेवटच्या पानाची प्लेट उचल आणि वाच.”

त्यानं प्लेट उचलली. प्लेटवरची अक्षरं वाचायची त्याला सवय. “संपादक, मुद्रक, प्रकाशक सौ. सुनंदा...” आणि मग थोडं थांबून, “सर, त्याच ओळीत पुढं माझ्या छापखान्याचंबी नाव हाय. मागल्या अंकापायी मलाबी ठाण्यात बोलावलंय. हेल्मेट काढा अन् बसा, न्हायतर बाजूला व्हा.”

आणि त्यानं मशीन चालू केलं. त्या आवाजात सर काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ते निघून गेले.

पहिली प्रत निघाली ती मी हातात घेतली. शाई ओली होती. पहिल्या पानावर, त्याच जागी, तोच फोटो. खाली लिहिलं होतं की हे रज्जाकभाई, जळकोटचे, तीन पिढ्या रेवडी करतात. गेल्या अंकात यांच्याबद्दल आणि सगळ्या मुसलमान दुकानदारांबद्दल जे छापलं ते खोटं होतं. ते मी लिहिलं नव्हतं, वाचलंही नव्हतं, पण संपादक मी आहे, म्हणून चूक माझी आहे आणि माफी मी मागते. मी दरसाल यांची रेवडी देवापुढं ठेवते, यंदाही ठेवणार.

मी सरांकडं पहिलं पान, तोच फोटो, नाव आणि ‘खोटं’ हा शब्द एवढंच मागितलं होतं. या बाईंनी ते सगळं दिलं आणि वर शेवटचं वाक्य दिलं. ते मागायचं मला सुचलंही नसतं. समोरच्यानं मागितल्यापेक्षा जास्त दिलं की काय बोलायचं असतं, हे मला बाजारात कुणी शिकवलेलं नाही.

पोलिसांपुढं सुनंदाताईंनी मजकूर कुणी लिहिला ते सांगितलं. सरांनी तो मजकूर टाईप करायला ज्याला पाठवला होता, त्या ऑपरेटरनंही सांगितलं. आरोपीत दुसरं नाव वाढलं. या खेपेला योग्य माणसाचं.

यात्रेला रज्जाकभाईंनी दुकान लावलं. मॅडमनी बंदोबस्त दिला होता, कमिटीचे लोक त्या अंकाची प्रत बघून गप्प झाले. पहिल्या दिवशी लोक दुकानासमोर थबकायचे, फोटो आणि माणूस ताडून बघायचे आणि पुढं जायचे. रज्जाकभाईंनी अंक दुकानाच्या बांबूला बांधला होता. जुनी ‘यात्रेची गोडी’ कातरण काढली नव्हती, तिच्या शेजारी. दुपारी एक म्हातारी आली. अंकाकडं बोट दाखवून म्हणाली, “हे खोटं निघालं म्हणं?”

“व्हय, मावशी. खोटंच होतं.”

“मंग दे की दोन पुडे. उगं वाट बघत उभी केली माणसं.”

तिच्या मागं दुसरी आली. संध्याकाळी खुंटीवर पाक पुन्हा ओढायला घेतला तेव्हा मी तिथंच होतो. सुनंदाताईही आल्या होत्या, रेवडी घ्यायला. मोबाईल काढून त्यांनी दुकानाचा फोटो काढला, पुढच्या अंकासाठी. मी कॉलर नीट केली आणि रज्जाकभाईंच्या शेजारी उभा राहिलो.

एकशे शहाण्णवची केस कोर्टानं ऐकायला घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. पेपरवर कुणी उगाच खटला भरू नये म्हणून ही अट आहे, ती असावी असं माझंही मत आहे. पण मंजुरीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही. मी तिच्या मागं लागलो, भांडलो, एका साहेबांनी मला ऑफिसातून बाहेर काढलं, मी पुन्हा गेलो. मंजुरी आली. दोघांवर दोषारोपपत्र दाखल झालं. बाईंचं काय करायचं ते आता कोर्ट ठरवेल. त्यांचा वकील चांगला आहे, आणि त्यांनी स्वतः छापलेलं पान त्यांच्या बाजूनं बोलतं. सरांना कॉलेजनं खुलासा मागितलाय. तो कुठल्या पानावर छापणार ते मला माहीत नाही.

तारखेला दोघं येतात. सर व्हरांड्याच्या एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला. बाईंच्या मांडीवर पुढच्या अंकाची प्रुफं असतात आणि हातात लाल पेन. पेपर आता त्याच काढतात. खप वाढलाय असं नागनाथ म्हणतो.

यात्रेचा फोटो छापून आला. पहिल्या पानावर, चांगला मोठा. रज्जाकभाई, रेवडीची परात, बांबूला बांधलेला अंक. आणि उजव्या कडेला एक कोपर. ते माझं आहे. मी फोन केला तर सुनंदाताई म्हणाल्या, “बातमी दुकानाची होती, साहेब. त्यात वकिलाचं काय काम?” तोही अंक ड्रॉवरमध्ये आहे, पहिल्याच्या वर.

या सगळ्यातून शिकण्यासारखं एवढंच. ज्यांना कुणाच्या तरी नावाआड बसून एखाद्या समाजाविरुद्ध विष छापायचं असेल, त्यांना कायदा गाठतोच, थोडा उशिरा का होईना. पण त्याआधी त्यांनी एक खात्री करून घ्यावी. ज्या माणसाचं नाव शेवटच्या पानावर टाकलंय, तो माणूस पहिलं पान वाचत नाही ना.